‘नेट चालत नाही’ हे विधान तपासायचं कसं?

‘नेट चालत नाही.’ तुम्ही महाड किंवा पोलादपूर तालुक्यात राहत असाल, तर पावसाळ्यात हे वाक्य कस्टमर केअरला किती वेळा ऐकवलंय ते तुमचं तुम्हाला माहीत. आज याच वाक्याची चिरफाड करू. परिकल्पना, चल, कार्यात्मक व्याख्या, नमुना निवड हे शब्द पेट किंवा नेटच्या तयारीत तुम्ही पाठ केलेले असतात. (ही नेट परीक्षेची. आजच्या लेखात यापुढे नेट म्हणजे इंटरनेटच.) पण ‘व्याख्या येते, वापरायची कुठे ते कळत नाही’ हे मला सारखं ऐकू येतं. घरच्या इंटरनेटचा बिघाड हे त्यासाठी फार सोयीचं उदाहरण आहे. उपकरणं घरातच आहेत, खर्च नाही, मार्गदर्शकाची सही लागत नाही, आणि राग तर भरपूर आहे.

तो राग उगाच नाही. फेलोशिपच्या अर्जाची शेवटची रात्र, ऑनलाइन मुलाखत, संशोधन सल्लागार समितीपुढचं सादरीकरण, यातलं काहीच तुमची लाइन येण्याची वाट बघत थांबत नाही. मुंबई-पुण्यातला उमेदवार ज्या पाच मिनिटांत आपला विषय पटवून देतो, ती पाच मिनिटं पोलादपूरची मुलगी ‘हॅलो, आवाज येतोय का?’ म्हणण्यात घालवते. आणि गुण देण्याच्या कागदावर ‘मध्येच लाइन गेली’ असा रकाना नसतो.

तर ते वाक्य. ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय? काहीच येत नाही? येतंय पण रखडत येतंय? येतंय, पण दर थोड्या वेळाने तुटतंय? की नेट दारापर्यंत व्यवस्थित येतंय आणि घरातलं वायफाय जाड भिंतींमुळे मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही? या चारही अवस्थांना आपण एकच वाक्य वापरतो. कारणं मात्र चारही वेगळी, आणि दुरुस्त करणारी माणसंही वेगळी. शेवटच्या अवस्थेत तर कंपनीचा संबंधच नाही. म्हणजे आपलं विधान खोटं नाही, पण तपासण्याजोगंही नाही. शोधप्रस्तावात ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर परिणाम होतो’ असं लिहिलंत की परीक्षक जे चार प्रश्न विचारतात, ते इथेही लागू आहेत: काय, कुठे, केव्हा आणि कशाच्या तुलनेत?

तार कुठून कुठे जाते

‘कुठे’पासून सुरुवात करू. आता अनेक घरांत फायबर आहे. भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला ओएनटी म्हणतात. तिच्यात केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो. हा धागा खांबावरून खांबावर जात गल्लीच्या टोकाच्या पेटीत पोचतो. तिथे स्प्लिटर असतो, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश अनेक घरांत वाटणारी काचेची फाटणी. बत्तीस घरांची वाटणी सर्रास असते. तिथून पुढे कंपनीच्या किंवा स्थानिक केबलवाल्याच्या खोलीतलं यंत्र, आणि तिथून मोठी केबल मुंबईकडे. ती बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेनेच टाकतात, आणि आपला रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. चौपदरीकरणाची कथा तुम्हाला सांगायला नको. जिथे जेसीबी तिथे तुटलेली केबल.

या प्रत्येक टप्प्यावर बिघाड होऊ शकतो, आणि प्रत्येक बिघाडाची वेळेतली सही वेगळी असते. जेसीबीने केबल तोडली तर एका क्षणात अख्खा परिसर जातो, आणि सांधा होईपर्यंत येत नाही. जोडाच्या पेटीत पाणी शिरलं तर पावसाच्या दिवसांत हळूहळू बिघडत जातं. माकडं तारेवर झोके घेत असतील तर बिघाड दिवसाउजेडी होतो, रात्री दोनला नाही. पुढची लाइन अपुरी असेल तर रात्री आठ ते अकरा सगळं रखडतं, पण तुटत नाही. आणि मधल्या खोलीतल्या यंत्राची वीज जात असेल, तर तुमच्या घरात दिवे लख्ख असताना नेट जातं.

म्हणजे ‘केव्हा’ हा प्रश्न जितका बारकाईने विचाराल, तितकं ‘कुठे’चं उत्तर जवळ येतं. अख्ख्या लेखात एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

दोन आकडे माहीत असू द्या. पहिला डीबीएम, म्हणजे तुमच्या डबीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर तो दिसतो, आणि उणे असतो. उणे वीसच्या आसपास असेल तर ठीक. नेहमीच्या जीपॉन यंत्रणेत उणे सत्तावीस-अठ्ठावीसला डबी हात टेकते. ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे हे विसरू नका: तीनने घट म्हणजे प्रकाश अर्धा, दहाने घट म्हणजे दहावा भाग. उणे वीसचे उणे सव्वीस झाले तर ‘सहाच तर कमी झाले’ असं म्हणायचं नाही, प्रकाश पावभर उरलाय. माझ्या ओळखीच्या एका एमएस्सीवाल्याने याच आकड्याची सरळ सरासरी काढली होती. लॉग मोजपट्टीवर ती चालत नाही, आधी मूळ एककात या.

दुसरा आकडा पिंगचा. तुमच्याकडून निघालेला इवलासा संदेश पलीकडे जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, तो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. महाड ते मुंबई केबलचा रस्ता वळणावळणाने २५० किलोमीटर धरला, तरी जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, म्हणजे अडीच मिलिसेकंद. मध्ये यंत्रं आहेत, त्यांचे थोडे धरा. तरीही मुंबईपर्यंतचा पिंग रोज रात्री १८० येत असेल आणि फोनवरचा माणूस ‘तुमचा एरिया लांब आहे मॅडम’ म्हणत असेल, तर त्याला शांतपणे सांगा की अंतराचे अडीच झाले, उरलेल्याचं बोला. याला म्हणतात सैद्धांतिक किमान मर्यादा काढून ठेवणं. तुमच्या विषयातही अशी एखादी मर्यादा असते. ती आधी काढली की निम्मी खोटी स्पष्टीकरणं आपोआप गळतात.

‘राउटर बंद करून चालू करा’

आता फोनवरच्या माणसाकडे येऊ. तो पहिलं वाक्य हेच म्हणतो, आणि आपलं डोकं तिथेच फिरतं. पण त्याच्या जागी बसून बघा. त्याच्यापुढे एक ठरलेली प्रश्नावली आहे. समजा, शंभर फोन आले आणि त्यातले साठ निव्वळ डबी अडकल्यामुळे आलेले आहेत. बंद-चालू केलं की ते साठ सुटतात. दोन मिनिटांत, फुकटात, कुणालाही बिरवाडी किंवा पोलादपूरला न पाठवता. त्याला तुमच्याबद्दल काहीच माहिती नसेल, तर हाच पहिला सल्ला देणं शहाणपणाचं आहे. आकडा मी समजुतीपुरता घेतलाय, तर्क मात्र खरा आहे.

घोटाळा होतो तो चौथ्या फोनला. पहिल्या वेळी बंद-चालू करून भागलं नाही, याचा अर्थ तुम्ही त्या साठांत नाही, उरलेल्या चाळीसांत आहात. ही माहिती आहे. पण चौथ्यांदा फोन केलात की नवा माणूस, नवा स्क्रीन, आणि तोच प्रश्न. तुम्ही पुन्हा शंभरातले एक. सशर्त संभाव्यता हा विषय पुस्तकात रुक्ष वाटतो ना? चौथ्यांदा ‘राउटर बंद करून चालू करा’ ऐकताना जे वाटतं, ते म्हणजे मिळालेली माहिती फेकून दिली जाताना बघणं. फोनवरचं पोरगं वाईट नसतं. त्याच्या प्रश्नावलीला स्मरणशक्ती नसते.

म्हणून ती स्मरणशक्ती तुम्ही पुरवायची. तक्रार नोंदवली की कंपनीने डॉकेट क्रमांक देणं नियमाने बंधनकारक आहे. प्रत्येक नव्या फोनला नवी तक्रार करू नका, आधीचे क्रमांक आणि तारखा सांगून सुरुवात करा.

अकरा वाजता आलेला माणूस

आता खरा छळ. नेट जातं रात्री आठला. तंत्रज्ञ येतो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. डबीवर हिरवा दिवा, स्पीड टेस्ट झकास. ‘ताई, सगळं बरोबर चाललंय की.’ तो निघून जातो, आणि संध्याकाळी तुम्ही पुन्हा लाल दिव्यासमोर.

यात कुणीच खोटं बोलत नाही. हा नमुना निवडीचा दोष आहे. तंत्रज्ञाचं निरीक्षण कार्यालयीन वेळेत बांधलेलं, बिघाड त्या वेळेबाहेरचा. अशा माणसाने शंभर वेळा येऊन बघितलं तरी शंभरही वेळा त्याला हिरवाच दिवा दिसेल, आणि शंभर निरीक्षणं असल्यामुळे त्याचा विश्वास उलट वाढेल. नमुन्याचा आकार वाढवून नमुन्याचा पक्षपात जात नाही. प्रबंधात ‘पाचशे प्रतिसादक घेतले’ असं अभिमानाने लिहिण्याआधी हे आठवा. पाचशेही जण सकाळी अकराला महाविद्यालयात हजर असणारेच होते का?

याचं सगळ्यात सुरेख उदाहरण वेल्समधलं आहे. अ‍ॅबरहोसन नावाच्या गावात रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोसळायचं. दीड वर्ष हे चाललं. अभियंते येत, तपासत, केबलसुद्धा बदलून झाली, बिघाड काही जाईना. शेवटी एक पथक सकाळी सहापासूनच लहरी मोजणारं यंत्र घेऊन भर पावसात गावात फिरायला लागलं. ठीक सातला यंत्रावर विजेच्या गोंगाटाचा झटका दिसला. माग काढत गेले तर एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही. घरमालक रोज सातला तो लावायचा, आणि त्यातून निघणारा गोंगाट तांब्याच्या तारेतलं ब्रॉडबँड पाडायचा. टीव्ही बंद, प्रश्न संपला. ही गोष्ट सप्टेंबर २०२० मध्ये जगभर छापून आली, आणि सगळे त्या टीव्हीला हसले. मला त्यातलं सकाळचं सहा वाजताचं फिरणं महत्त्वाचं वाटतं. यंत्रं पहिल्यापासून उपलब्ध होती. बदलली ती फक्त बघण्याची वेळ.

वही

माझ्या घरी महाडला दोन वर्षांपूर्वी असाच संध्याकाळचा बिघाड होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा तो नाही. मी केलं ते एवढंच, की फोनवर बोलायचं थोडं थांबवून वही घातली.

पहिला निर्णय, मोजायचं काय. ‘नेट गेलं’ची कार्यात्मक व्याख्या ठरवली: डबीला तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून, सलग दहा पिंग वाया गेले तर ‘गेलं’. वायफायवरून मोजायचं नाही, नाहीतर भिंतीचा दोष लाइनवर जाईल. दुसरा निर्णय, एकच पत्ता पुरत नाही. मी तीन पत्ते पिंग करत होते: घरचा राउटर, कंपनीचं पहिलं यंत्र, आणि गूगलचा चार आठांचा पत्ता. राउटर उत्तर देतो पण कंपनीचं यंत्र देत नाही, तर बिघाड खांबांवर किंवा मधल्या खोलीत. दोन्ही देतात पण गूगल देत नाही, तर पुढे कुठेतरी. कंपनीचा पहिला पत्ता कुठला, ते विंडोजमध्ये ट्रेसर्ट ही आज्ञा दिली की कळतं.

तिसरा निर्णय किती वेळाने मोजायचं, आणि इथे बरेच जण फसतात. दर पाच मिनिटांनी मोजलं तर दिवसाला २८८ नोंदी होतात, छान वाटतं. पण बिघाड दीड मिनिटाचाच असेल, तर तो तुमच्या जाळ्यात सापडण्याची शक्यता तीनशे सेकंदांत नव्वद, म्हणजे ३० टक्के. दहापैकी सात बिघाड तुम्ही बघितलेच नाहीत, आणि वही सांगणार ‘सुधारणा आहे’. जे पकडायचंय त्याच्या निम्म्याहून कमी अंतराने मोजा. मी दर तीस सेकंदांनी मोजलं. लॅपटॉपला काही कष्ट पडत नाहीत.

चौथा रकाना हाताने भरायचा: पाऊस आहे का, घरात वीज आहे का, डबीवर लॉसचा लाल दिवा आहे का. आणि एक रकाना मी नंतर वाढवला, ‘आत्याकडची वीज’. कारण ज्या गल्लीत केबलवाल्याचं यंत्र आहे, तिथे माझी आत्या राहते. लाल दिवा लागला की फोन करायचा, ‘आत्या, वीज आहे का गं?’ तिला पहिल्या आठवड्यात मजा वाटली, नंतर ती फोन उचलताच ‘नाही’ म्हणायला लागली.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. लाल दिवा आणि आत्याकडे वीज नसणं जवळजवळ नेहमी जोडीने येत होतं. पाऊस असो वा नसो. तर्क असा झाला की मधल्या खोलीतल्या यंत्राची बॅटरी मेलेली आहे, तिथली वीज गेली की यंत्र बंद, यंत्र बंद की आमच्याकडे अंधार. ही झाली परिकल्पना. हे सगळं कागदावर लिहून दिल्यावर केबलवाल्याचा दादा आला, त्याने वही उलटसुलट बघितली आणि म्हणाला, ‘हे आधी सांगायचं ना.’ गणपतीनंतर बॅटरी बदलली. लाल दिवे थांबले.

सिद्ध झालं? थांबा. गणपतीनंतर पाऊसही ओसरला, आणि पाऊस ओसरला की वीज जाण्याचं प्रमाणही कमी होतं. बॅटरी न बदलताही लाल दिवे कमी झालेच असते. ‘आधी-नंतर’ अशी रचना असलेल्या निम्म्या लघुशोधप्रबंधांची हीच गत असते: उपक्रम राबवला, मुलांचे गुण वाढले. अहो, मधल्या चार महिन्यांत मुलं तशीही शिकलीच की! दोन्ही कारणं वेगळी करायची तर अशी वेळ शोधावी लागते, जेव्हा ती वेगवेगळं भाकीत करतात. ती ऑक्टोबरमध्ये आली. परतीच्या पावसात आत्याकडची वीज तीनदा गेली, आणि तिन्ही वेळा आमच्या डबीवरचा दिवा हिरवा राहिला. बॅटरीचं भाकीत हेच होतं, ऋतूचं नव्हतं. तीन निरीक्षणं फार नाहीत, पण योग्य जागची आहेत.

‘सुटली’ म्हणजे काय

वही घालण्याआधीच्या महिन्यात माझ्या तक्रारी कंपनीच्या नोंदीत काय झाल्या असतील? सगळ्या सुटल्या. मोबाइलवर संदेश यायचा: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कधी तंत्रज्ञ येऊन गेल्यावर, कधी कुणीच न येता. बिघाड एक, तक्रारी अनेक, ‘सुटलेल्या’ही तितक्याच. विश्लेषणाचं एकक बदललं की वास्तव कसं बदलतं बघा. एकक ‘तक्रार’ असेल तर कामगिरी उत्तम. एकक ‘बिघाड’ असेल तर शून्य.

ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे विनियम केले. त्यात बिघाड दुरुस्तीचा निकष होता: ९० टक्क्यांहून अधिक पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, ९९ टक्के तीन कामाच्या दिवसांत. फोन किती सेकंदांत उचलायचा, पॅकेट किती वाया जाऊ द्यायचे, तेही होतं. नंतर हे विनियम बदलून १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे लागू झाले. असे निकष हवेतच, त्यांच्याशिवाय बोलायला आधारच राहत नाही. पण वेळेचा निकष लावला की तक्रार लवकर बंद करण्याचा मोह तयार होतो. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलननीतीच्या संदर्भात हे दाखवलं, आणि त्यांच्या नावाचा नियमच झाला: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही. तुमच्याकडे पीएचडीसाठी शोधनिबंधांची अट लागली, तेव्हा कसली कसली नियतकालिकं उगवली ते आठवा.

शिवाय सरासरी कशाची काढतात? दूरसंचारात देशाचे परवाना-विभाग आहेत. महाड-पोलादपूर येतं ‘महाराष्ट्र’ विभागात. त्यात पुणे, नागपूर, नाशिक आहे, आणि अख्खा गोवाही आहे. त्या विभागाचा आकडा ९९ टक्के आला तर तो खराच असेल, फक्त त्याने पोलादपूरबद्दल काहीही सांगितलेलं नसतं. आणि ९९ टक्के या आकड्यालाही हात लावून बघा. रोज रात्री पंधरा मिनिटं नेट गेलं, तर महिन्याचे साडेसात तास होतात. महिन्यात ७२० तास. म्हणजे तुमची सेवा ९९ टक्के वेळ चालू आहे! फक्त ती पंधरा मिनिटं रोज तुमच्या ऑनलाइन वर्गाची आहेत.

ज्या तक्रारी आल्याच नाहीत

तुमच्यातल्या कुणाला ‘ग्रामीण भागातील इंटरनेट सेवा’ असा विषय घ्यायचा असेल, तर मन कंपनीच्या किंवा शासनाच्या तक्रार नोंदींकडे धावेल. तयार आकडे, तालुकावार, वर्षवार. माहितीच्या अधिकारात मागवले की झालं. त्याआधी हे वाचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दक्षिण रायगडात वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडालं. त्याच सुमारास महाड तालुक्यात तळीये, आणि पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळे इथे दरडी कोसळल्या. एकट्या तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली आणि फोन बंद होते, मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

त्या दिवसांत इथून कस्टमर केअरला किती तक्रारी गेल्या असतील? तक्रार करायला फोन लागतो. नोंदीच्या तक्त्यात तो आठवडा शांत दिसला तरी नवल नाही. बिघाड सगळ्यात मोठा, तेव्हा तक्रारी सगळ्यात कमी. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ माहितीवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हा आहे: माहिती गहाळ का झाली, हे विचारल्याशिवाय उरलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढता येत नाही. जे मोजायचं त्याच्यामुळेच नोंद गहाळ होत असेल, तर तो सगळ्यात अवघड प्रकार. तिथे शून्य हा आकडा नसतो, भोक असतं.

ही झाली आपत्तीची गोष्ट, पण रोजही हेच लहान प्रमाणात चालतं. बाजारपेठेतला दुकानदार कार्डयंत्र बंद पडलं की दहा मिनिटांत केबलवाल्याला थेट फोन लावतो, त्याच्याकडे नंबर असतो. डोंगरातल्या वाडीवरची सातवीतली मुलगी तक्रार करत नाही, कनेक्शन बापाच्या नावावर आणि बाप मुंबईला. चार वेळा ‘सुटली’चा संदेश आल्यावर पाचव्यांदा कोण फोन करतं? थकून गप्प झालेला ग्राहक आणि समाधानी ग्राहक तक्त्यात अगदी सारखे दिसतात. म्हणून तक्रारींची संख्या म्हणजे बिघाडांची संख्या नव्हे. ती बिघाड, फोन करण्याची ऐपत आणि उरलेली आशा या तिघांचं मिश्रण आहे. या विषयावर काम करायचंच असेल तर तीस घरं निवडा आणि तीस वह्या घाला. मेहनत जास्त आहे, पण जे मिळेल ते तुमचं असेल.

आता फोन करा

वही झाली की तक्रारीचं वाक्य बदलतं. ‘नेट चालत नाही’ऐवजी असं काहीतरी: ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान एवढ्या वेळा, बहुतेक रात्री साडेसात ते साडेनऊत, लॉसचा लाल दिवा लागून सेवा दोन ते वीस मिनिटं बंद पडली. घरात त्या वेळी वीज होती. तारेने जोडून मोजलं आहे. राउटर तीनदा बंद-चालू केला, फरक नाही. आधीचे डॉकेट क्रमांक सोबत आहेत. तंत्रज्ञ रात्री आठला पाठवावा.’ हे लेखी पाठवा, मेलने. फोनवरच्या पोराला हे वाचून दाखवलंत तरी तो त्याच्या प्रश्नावलीतून बाहेर पडून वरच्या पायरीला तक्रार देतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही हललं नाही तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी असतो. अपिलाला पैसे लागत नाहीत, आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वाट बघू नका. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. दूरसंचार कंपन्या बरीच वर्षं म्हणत होत्या की आमचे वाद तिथे चालत नाहीत, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या खटल्यात ते चालतात असा निकाल दिला. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, लाइन असेल तेव्हा.

वहीचा रिकामा तक्ता कुणाला हवा असेल तर मेल करा, पाठवते. आत्याचा रकाना तुमच्या गल्लीप्रमाणे बदलून घ्या.